ऊन पाण्यातली वाटी

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. परभणी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मे महिना येतो, ४४ अंशांच्या पुढे गेलेला पारा आणि दुपारी ओस पडलेले रस्ते. पण डिसेंबर लागला की कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रातून बातमी येते, पारा ५-६ अंशांवर उतरला. एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, त्यामुळे काळ्या रानात दिवसभर साठलेली ऊब रात्री उडून जाते आणि पहाटे हाडात शिरणारा गारठा उरतो. अशा पहाटे उघड्या ओसरीवर बसायचं, गाल भिजवायचे आणि त्यावरून पातं फिरवायचं, हे आमच्या घरातल्या पुरुषांच्या एका अख्ख्या पिढीनं आयुष्यभर केलं. त्यांच्या दाढीचा फेस मात्र कधी गार झाला नाही. तो कुणी ऊन ठेवला आणि कसा ठेवला, हे आम्ही सगळ्या चुलतभावंडांनी जवळून पाहिलं. आता त्या पिढीतलं फारसं कुणी उरलेलं नाही. आम्ही भावंडं एकत्र जमलो की बोलणं फिरून फिरून त्या ओसरीवर येतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव सेलू तालुक्यातलं, दुधना नदीच्या बाजूचं. घर माळवदाचं. दारातून आत आलं की ढेलज, पुढे अंगण, मग तीन खांबांची ओसरी. अंगणाच्या एका कोपऱ्यात न्हाणी आणि न्हाणीला लागून पाण्याची चूल. घरात आजोबा, म्हणजे आबा, आणि त्यांचे चार मुलगे. दादा थोरले, शेती त्यांच्याकडे. नाना शाळामास्तर. तिसरे रेल्वेत, पूर्णा जंक्शनला, म्हणून ते सगळ्यांचे पूर्णेचे काका. धाकटे काका पुढे कृषी विद्यापीठात लागले. आजीला लहानथोर सगळे जीजी म्हणत.

या पुरुषांना स्वतःसाठी काही मागायची सवय नव्हती. चहा गार झाला तरी तो तसाच पीत. ताटात सकाळची भाकरी आली तर मुकाट्यानं खात. ताप आला तरी रानात जात. लेकराला जवळ घेऊन चार शब्द गोड बोलणं त्यांना जमत नसे, आणि त्यांच्याशीही तसं कुणी बोलत नसे. या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती जी ते हक्कानं मागत आणि त्यांना न मागताही मिळे. ती म्हणजे दाढीच्या वेळचं ऊन पाणी.

आबांच्या उमेदीच्या काळात घरात दाढी होतच नसे. तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आबा उर्दू शाळेत शिकलेले, व्यवहार हाली रुपयात. गावचा वारीक, म्हणजे न्हावी, आठवड्याला येई आणि ढेलजेत धोकटी उघडी. वस्तरे, कात्री, नराणी, धारेचा दगड, चामड्याचा पट्टा, छोटा आरसा आणि एक पितळी वाटी. साबण त्यात नव्हताच. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायची आणि गालावर, हनुवटीखाली चोळत राहायचं, केस मऊ पडेपर्यंत. वस्तऱ्याआधीचं हे चोळणं म्हणजेच निम्मी दाढी, असं आबा म्हणत. हिवाळ्यात वारीक आत हाक देई, "माय, थोडं ऊन पाणी द्या." मग घरातून कुणीतरी चुलीवरच्या हंड्यातलं पाणी आणून त्याच्या वाटीत ओती.

त्याला वर्षाचं बलुतं मिळे. सुगी झाली की खळ्यावरून ज्वारी जाई. लेकरांचं जावळ त्याच्या हातचं आणि दहाव्याचं क्षौरही त्याच्याच हातचं. श्रावण वद्य द्वादशीला तो सेना महाराजांची पुण्यतिथी करी. आणि एवढं असूनही, हजामत झालेल्या माणसानं आंघोळ होईपर्यंत घरात कशाला शिवायचं नाही, हा नियम होता. ज्याच्या हातून चेहरा उजळायचा त्याच्याच हातचा विटाळ धरायचा, ही गोष्ट अन्यायाची होती. ऊन पाण्यानं मऊ झालेल्या गालावर वस्तरा कसा धरायचा, हे आमच्या घरानं त्याच्याकडूनच घेतलं. दादांना वस्तऱ्याचा कोन आणि कातडी ताणायची रीत त्यानंच शिकवली. हे ऋण इथं नोंदवायलाच हवं.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं, आणि पुढच्या काही वर्षांत घरात बरंच काही बदललं. त्यात दादांनी हैदराबादहून आणलेलं दाढीचं मशीन होतं. तीन तुकड्यांचं, मूठ फिरवली की सुटणारं, दोन धारांचं पातं मधे धरणारं. अमेरिकेत किंग जिलेटनं या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळवलं होतं. आमच्या ओसरीवर यायला त्याला निम्मं शतक लागलं. मागोमाग गोदरेजचा गोल साबण आला, ब्रश आला. पुढे पूर्णेच्या, परभणीच्या दुकानांतून ब्लेडची पाकिटं येऊ लागली. भारत, अशोक, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक ही नावं आम्हाला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ होती. एक ब्लेड पुष्कळ दिवस पुरवायचं असे. त्यासाठी काचेचा पेला आडवा धरायचा, ब्लेड त्याच्या आतल्या गोलाईवर बसवायचं आणि एका बोटानं दाबून मागंपुढं घासायचं, आधी एक बाजू, मग दुसरी. नाना हे काम रात्री कंदिलाच्या उजेडात करत आणि त्यांच्या पेल्याला दुसऱ्या कुणी हात लावत नसे. दाढीला निरुपयोगी झालेलं ब्लेड आमच्या पेन्सिली तासायला येई, मग काकूंकडे शिवण उसवायला जाई.

मशीन आलं, साबण आला, पण फेस काही धड होईना. पहिल्या हिवाळ्यात दादा वैतागून गेले, असं जीजी सांगे. ब्रश कितीही फिरवला तरी वाटीत पांढरं, फुटकं, दह्याच्या चोथ्यागत काहीतरी जमा व्हायचं, आणि जो फेस यायचा तो गालावर बसेपर्यंत गार होऊन वाळायचा. दोष साबणाचा नव्हता. आमच्याकडच्या विहिरी काळ्या बेसाल्ट खडकातल्या, पाणी जड. त्यातला चुना साबणाला धरतो, फेसाआधी चोथा करतो. पाणी खळखळा उकळलं की त्यातला बराचसा चुना बाजूला पडतो आणि भांड्याला पांढऱ्या थरानं चिकटून बसतो. हा थर जीजीच्या ओळखीचा होता. तो चिंचेच्या कोळानं घासून काढणं हे तिचं नेहमीचं काम. तिनं एक साधी गोष्ट केली. दाढीचं पाणी नुसतं तापवायचं सोडून ती ते चांगलं उकळू देऊ लागली, मग निवळू देई आणि तांब्या भरताना तळ न ढवळता वरवरचं पाणी घेई. ज्या विस्तवानं पाणी ऊन व्हायचं त्यानंच ते मऊही व्हायला लागलं. त्या दिवसापासून वाटीत फेस उभा राहिला.

आता तो ऊन कसा ठेवायचा? फेस म्हणजे बहुतेक सगळी हवा, तिच्याभोवती साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा. त्यात उष्णता धरून ठेवायला पाणी असतं ते थोडंसंच. वाटी पितळेची आणि पातळ, ती ऊब लगेच बाहेर देते. पहाटेच्या वाऱ्यात पहिला गाल होईपर्यंत दुसऱ्या गालाचा फेस गार पडे. वाटी विस्तवावर ठेवली तर उलटा प्रकार होतो. पापुद्र्यातलं पाणी झपाट्यानं खाली उतरतं, फेस बसतो, कडेनं साबण करपतो. शिवाय फार कढत पाण्यात ब्रशच्या मुळाशी भरलेला डिंक सुटतो आणि केस गळायला लागतात. म्हणजे मंद, एकसारखी आणि बराच वेळ टिकणारी ऊब हवी होती.

अशी ऊब घरात आधीपासून होती, दुधाच्या चुलीत. आमच्याकडे दूध गोवरीच्या फुफाट्यावर तापायचं, सकाळपासून दुपारपर्यंत, उतू न जाता, जाड साय धरत. तीच रीत जीजीनं दाढीला लावली. पाण्याच्या चुलीत आधी पऱ्हाट्या. सेलू-मानवतचा हा सगळा पट्टा कापसाचा, वेचणी संपली की शेताशेतातून पऱ्हाट्यांचे ढीग लागत. पऱ्हाटी चटकन भडकते आणि तितक्याच चटकन विझते. ती पाणी उकळण्यापुरती. मग तुरीच्या तुराट्या, त्या जरा जास्त तग धरतात. बाभळीच्या लाकडाचा निखारा टिकतो, पण त्याची आच फार. शेवटी गोवरी. तिच्या निखाऱ्यावर राख पांघरली की खाली विस्तव आणि वर नुसती ऊब. हा फुफाटा जीजी एका जुन्या घमेल्यात काढी आणि घमेलं ओसरीच्या कडेला ठेवी. त्यावर पितळेचं पसरट तसराळं, तसराळ्यात चार बोटं ऊन पाणी, आणि त्या पाण्यात फेसाची वाटी. वाटी डुगडुगू नये म्हणून तिच्याखाली एक चपटा खडा. वर ताटलीचं झाकण. ब्रश वापरात नसेल तेव्हा झाकणाखाली, फेसातच. ब्रशच्या पोटात बरंच ऊन पाणी आणि फेस भरलेला असतो, तो उघड्यावर ठेवला तर सगळ्यात आधी गार होतो, हे तिनं पाहून ओळखलं होतं.

पाणी किती ऊन हवं, याचं तिचं माप होतं. बोट बुडवायचं आणि विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल म्हणायचं. तिसऱ्या विठ्ठलापर्यंत बोट सोसलं आणि पुढं सोसेना, म्हणजे बरोबर. पहिल्यालाच काढावं लागलं तर गार पाण्याची चूळभर भर. तिसऱ्यानंतरही आरामात राहिलं तर राख जरा बाजूला सारायची. हे बघायचं काम आम्हा लेकरांचं. घाई केली की चुलीपाशी बसलेल्या जीजीचा आवाज येई, "पाणी तापायलंय लेकरा, थांब जरा. वाटी उचलू नको, हात पोळंल."

दाढ्या वयाच्या क्रमानं होत. आधी आबा. त्यांनी अखेरपर्यंत मशीन जवळ केलं नाही, वस्तराच वापरला, पण साबणाचा ऊन फेस मात्र त्यांना फार आवडला. मग दादा, मग नाना, आणि सुटीवर आलेले असतील तर दोघे काका. प्रत्येकाचा ब्रश वेगळा, वाटीत साबण ज्यानं त्यानं घालायचा, पण तसराळं एकच आणि आरसाही एकच, मधल्या खांबाच्या खुंटीला टांगलेला. स्वतःची दाढी झाली की उठताना पुढच्यासाठी वाटी ऊन पाण्यानं विसळून, परत तसराळ्यात ठेवून, झाकण टाकूनच उठायचं. हे कुणी कुणाला सांगितलेलं आम्हाला आठवत नाही. भावाभावांत वाटण्यांवरून एक काळ बोलणं तुटलं होतं. त्या दिवसांतही नाना यायच्या आधी दादांनी वाटीवर झाकण टाकलेलं असे. बोलणं पुन्हा सुरू झालं त्याला बाकीही कारणं होती. पण ती झाकलेली वाटी नानांना रोज दिसत होती, आणि ती आपल्यासाठी झाकलेली आहे हे त्यांना कळत होतं, असं आम्हाला आज वाटतं.

ऊन फेसाला महत्त्व का, तर दाढीचा केस पाणी प्यायला की फुगतो आणि मऊ पडतो, आणि पाणी ऊन असेल तर हे लवकर घडतं. दोन-तीन मिनिटं भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा फारच कमी जोर लागतो. फेसाचं काम दुहेरी. तो केसाजवळचं पाणी सुकू देत नाही आणि पात्याला घसरायला वंगण देतो. फेस गार पडून वाळला की दोन्ही कामं थांबतात, केस ताठरतो, पातं ओढायला लागतं. थंडीनं अंगावर काटा येतो तेव्हा तर कातडीच उंचसखल होते आणि पातं त्या काट्याला लागतं. घासून घासून पुरवलेल्या ब्लेडनं दाढी करणाऱ्या माणसाला ऊन फेस चैनीपेक्षा गरजेचा अधिक होता. हीच गरज इंग्लंडमध्येही होती. तिथं एकोणिसाव्या शतकात चोचीचे चिनी मातीचे मग निघाले, खाली कढत पाणी आणि वर फेसाची जागा असलेले. पुढे अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या दुकानांत तर गरम फेस देणारी विजेची यंत्रं आली. आमच्या ओसरीवरच्या तसराळ्याचं तत्त्व नेमकं तेच होतं, आणि ते जीजीनं असं कुठलंही भांडं न बघता दुधावरून काढलं होतं.

पूर्णेच्या काकांची रीत निराळी. पूर्णा हे मीटरगेजचं मोठं ठाणं, वाफेच्या इंजिनांची शेड तिथं. हिंगोली, वाशीम, अकोला करत खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर काकांची ड्यूटी असे. रात्रभर गाडी हाकून पहाटे एखाद्या स्टेशनात थांबलं की इंजिनाचं कढत पाणी डब्यात घ्यायचं, त्यात चहाही व्हायचा आणि दाढीही. फावडं भर उन्हात ठेवलेल्या तव्याइतकं तापलेलं असे, त्याच्या कडेवर फेसाची वाटी. घरी आले की काका जीजीला म्हणत, "जीजी, इंजिनाच्या पाण्याला तुझ्या पाण्याची सर नाही." जीजी काही बोलत नसे, पण त्या दिवशी त्यांच्या तांब्यात पाणी जरा जास्तच असे.

वर्षातला मोठा दिवस मात्र हिवाळ्यात नव्हे, पोळ्यानंतर येई. श्रावणात घरातले पुरुष दाढी करत नसत. एरवीही मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि अमावास्या वर्ज्य. आदल्या दिवशीच्या बैलांच्या खांदेमळणीपासून श्रावणी अमावास्येच्या पुरणपोळीपर्यंत सगळं पार पडलं की दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर महिन्याच्या दाढ्या निघत. तेव्हा कात्रीनं आधी केस उतरवायचे, मग ऊन पाण्यात पिळलेलं फडकं चेहऱ्यावर धरायचं, मग पहिला फेस नुसता चोळून टाकून द्यायचा, आणि दुसऱ्या फेसावर पातं. बाहेर बहुधा झडीचा पाऊस, पऱ्हाट्या भिजलेल्या, धूर मनस्वी. त्या दिवशी तसराळं तासन् तास ऊन ठेवावं लागे. दाढी उतरल्यावर दिसणारे ते पांढुरके, नवे चेहरे आणि त्यावर तुरटीचा खडा फिरवताना मिटलेले डोळे आमच्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत आहेत.

आणि १९७२ चा दुष्काळ. विहिरींनी तळ गाठला, खायला मिलो ज्वारी आली, आबांच्या वयाची माणसंही खडी फोडायच्या कामावर गेलेली आम्ही पाहिली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि धाकट्या काकांची नोकरी पुढे तिथंच झाली. पाणी हंड्याहंड्यानं मोजलं जाऊ लागलं. दाढ्या आठवड्यावर गेल्या. चौघांची दाढी मिळून एका तांब्यात. तसराळ्यातलं पाणी न फेकता तेच परत उकळायचं, शेवटी राहिलेलं परसातल्या पपईला. त्या वर्षीही वाटी ऊनच होती. पाणी कमी झालं होतं, फुफाटा तेवढाच होता. आबा म्हणाले होते, "पोटाला कमी पडलं तर चालंल, पण माणूस माणसात दिसला पाहिजे." कामावर जातानाही त्यांचा चेहरा स्वच्छ असे. दुष्काळातल्या माणसाची ही अब्रू एका वाटीनं राखली, असं मला मनापासून वाटतं.

हे सांगताना एक गोष्ट सोडून चालणार नाही. पुरुषांच्या फेसाला ऊब होती तिच्यामागं बायकांचं पहाटे चारचं उठणं होतं. ओल्या गोवऱ्या फुंकून लाल झालेले डोळे होते. चुलीच्या धुराचा खोकला जीजीला जन्मभर पुरला. पुढे परभणीहून तांब्याचा बंब आला, मधे विस्तवाची नळी आणि भोवती पाणी असलेला, तेव्हा धूर जरा कमी झाला. पण सगळ्या पुरुषांच्या आंघोळी होईपर्यंत बंबातलं ऊन पाणी संपे, आणि काकूंच्या वाट्याला तळाचं कोमट पाणी येई. त्यांच्यासाठी कुणी बोट बुडवून विठ्ठल म्हटलं नाही. त्या पिढीच्या पुरुषांचा मोठेपणा मी मानतो, पण त्यांच्या वाट्याला आलेली माया ज्यांच्या हातची होती त्यांना तसं काही मिळालं नाही, हेही तितकंच खरं आहे. आमच्या बहिणींनी हे आमच्या आधी ओळखलं आणि बोलूनही दाखवलं.

आबांचा शेवटचा हिवाळा या सगळ्याच्या पुढचा. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आवाज नाही, हात उचलत नाही, पण डोळे जागे. अंथरुणावर चार दिवसांची दाढी वाढली आणि ते डाव्या हातानं सारखे हनुवटी चाचपू लागले. काय हवं ते दादांनी ओळखलं. पाठीशी उशा लावून आबांना बसतं केलं. मोठ्या काकूंनी शेगडीवर राख पांघरून तसराळं खाटेजवळ आणलं. दादांनी जन्मात दुसऱ्याची दाढी केली नव्हती, म्हणून वस्तरा बाजूला ठेवून स्वतःचं मशीन घेतलं.

तेव्हा पाहिलेलं सांगतो. दादांनी ब्रश वाटीतून उचलला की आधी स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूला टेकवला, क्षणभर थांबले आणि मगच आबांच्या गालाला लावला. प्रत्येक वेळी. कारण आबांच्या उजव्या गालाला ऊन-गार कळत नव्हतं. फेस जास्त ऊन झाला असता तरी ते सांगू शकले नसते, कातडी मात्र भाजली असती. म्हाताऱ्या गालावर सुरकुत्या, आत दात नाहीत, गाल खोल गेलेला. दादा एका वेळी दोन बोटांएवढीच जागा फेसानं भरत, डाव्या अंगठ्यानं कातडी कानाकडे ताणून धरत, मशीन वरून खाली एकदाच हलकं ओढत. मग ऊन फडक्यानं टिपून पुढची दोन बोटं. उरलेला फेस तोवर झाकणाखाली. उजवा ओठ लोंबत होता, त्याचा कोपरा काकूंनी बोटानं वर धरला. सासऱ्यासमोर पदर खाली न येऊ देणाऱ्या काकूंनी. "आबा, तोंड इकडं करा," असं दादा म्हणत आणि आबा जमेल तेवढं वळत. तासभर चाललं असेल. सगळं झाल्यावर आबांनी डाव्या हातानं आधी स्वतःचा गाल चाचपला, मग दादांचा. आमच्या समजत्या वयात बापानं मुलाच्या गालाला हात लावलेला आम्ही तेवढा एकदाच पाहिला. पुढे महिनाभर, आबा होते तोवर, दोन दिवसांआड हे होत राहिलं.

आज आमच्या त्या घरी बंब नाही, गीझर आहे. गोवऱ्या घालायला गाय नाही. पुण्या-संभाजीनगरला गेलेली आमची मुलं-पुतणे दाढी राखतात, कुणी डब्यातला फेस दाबून काढतात आणि दोन मिनिटांत मोकळे होतात. त्यांना सकाळी निघायची घाई असते, आणि चुलीपाशी कुणी धूर खात बसायची गरज उरली नाही, याचा मला आनंदच आहे. पण ही रीत टिकावी असं मला वाटतं, कारण घरोघरी कुणीतरी म्हातारं, आजारी, अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं आणि त्याची दाढी कुणालातरी करावीच लागते. ती बहुतेक वेळा गार फेस लावून, घाईघाईत, कातडी ओरबाडत होते. त्या माणसाला बोलता येत नसेल तर ते सांगताही येत नाही.

म्हणून सांगून ठेवतो. एक मोठं भांडं आणि त्यात बसणारी स्टीलची वाटी पुरते. पाणी जड असेल तर आधी उकळून निवळू द्या. वाटी रिकामी असतानाच ऊन पाण्यात ठेवा, म्हणजे ती फेसाची ऊब शोषणार नाही. ब्रश दोन-तीन मिनिटं भिजू द्या. फडक्यानं गाल शेकून घ्या. फेस झाला की झाकण टाका. पाण्यात बोट तीन विठ्ठलांपर्यंत सोसलं पाहिजे, आणि आजाऱ्याच्या गालाला लावण्याआधी फेस स्वतःच्या मनगटाला लावून बघितलाच पाहिजे. एका वेळी दोन बोटांएवढी जागा, आणि घाई नाही.

दादा गेले त्याआधी त्यांची दाढी त्यांच्या मुलीनं अशीच केली, आणि मोठ्या काकूंच्या शेवटच्या आजारात त्यांचे पाय धुवायचं पाणी नातवांनी बोट बुडवून पाहिलं. जी माया आमच्या घरात एका बाजूनंच वाहत होती ती उशिरानं का होईना, दोन्हीकडून वाहू लागली. त्या पिढीकडून घ्यावं असं आमच्याकडे पुष्कळ आहे. त्यातलं हे एवढं तरी लेक-सून-नातू असा भेद न करता सगळ्यांनी शिकून घ्यावं, आणि वेळ येईल तेव्हा करावं.